दूरच्या साहेबाला मत देऊ नका

पुण्यातल्या आयटीवाल्या घरांना इप्सविच हे नाव परके नाही. १९८६ साली महिंद्र आणि ब्रिटिश टेलिकॉम यांनी भागीदारीत कंपनी काढली, तीच पुढे टेक महिंद्रा झाली. ब्रिटिश टेलिकॉमचे संशोधन केंद्र इप्सविचच्या वेशीवर, मार्टलशॅमला आहे. त्यामुळे ‘ऑनसाइट’ गेलेल्या कितीतरी मराठी इंजिनिअरांचा विलायतेतला पहिला पत्ता याच भागातला. इप्सविचहून वायव्येला वीसेक किलोमीटरवर स्टोमार्केट लागते. आजूबाजूला गहू, बार्ली आणि शुगरबीटची शेते, गारगोटीच्या दगडांत बांधलेली जुनी चर्चे, शे-दोनशे उंबऱ्यांची गावे. हे सगळे मिळून मिड सफोक डिस्ट्रिक्ट होते. नावात डिस्ट्रिक्ट असले तरी आकाराने आपला तालुकाच समजावा. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे १ लाख ३ हजार भरली.

४ मे २०२३ रोजी या डिस्ट्रिक्टच्या काउन्सिलची निवडणूक झाली. ३४ पैकी २४ जागा पर्यावरणवादी ग्रीन पक्षाला, ६ हुजूर पक्षाला आणि ४ लिबरल डेमोक्रॅटांना मिळाल्या. मजूर पक्षाला एकही नाही. ब्रिटनमधल्या कुठल्याही काउन्सिलवर ग्रीन पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळाल्याची ही पहिलीच वेळ होती. ते लंडनमध्ये मिळाले नाही, ब्रिस्टलसारख्या विद्यापीठाच्या शहरात मिळाले नाही. मिळाले ते हुजूर पक्षाचा बालेकिल्ला म्हणून ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हते अशा शेतीवाडीच्या मुलखात.

आणि आता ही काउन्सिलच बरखास्त व्हायची आहे. निकाल आवडला नाही म्हणून तसे होते आहे, असे मी म्हणत नाही. इंग्लंडमधल्या सगळ्याच डिस्ट्रिक्ट काउन्सिली मोडून मोठ्या एकस्तरीय, म्हणजे सगळी कामे एकाच संस्थेकडे असलेल्या, काउन्सिली करायच्या, असे लंडनमधल्या मजूर पक्षाच्या सरकारने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केले. मला हे धोरण चुकीचे वाटते. ज्यांच्या मतांवर ही काउन्सिल उभी आहे त्यांना न विचारता ती मोडायची, हे तर त्याहून चुकीचे. ते का, हे मिड सफोकच्या निवडणुकांचा इतिहास नीट पाहिला की कळते.

आधी ही काउन्सिल करते काय ते सांगतो. तिथली रचना आपल्या जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत या उतरंडीसारखीच तीन पायऱ्यांची आहे: वर काउंटी, मध्ये डिस्ट्रिक्ट, खाली पॅरिश. शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्धांची आणि अपंगांची काळजी काउंटीकडे. घराघरांतला कचरा उचलणे, बांधकामाची परवानगी, कुठल्या गावात किती घरे होतील याचा आराखडा, गरजूंना भाड्याने द्यायची सरकारी घरे, दुकानांचे आणि खानावळींचे परवाने, मतदारयादी, स्थानिक कराची वसुली ही डिस्ट्रिक्टची कामे. यादी रुक्ष दिसते, पण आपल्या घरामागच्या शेतात दोनशे घरांची वसाहत उभी राहणार की नाही, हा प्रश्न गावात ज्या तळमळीने चर्चिला जातो त्या तळमळीने परराष्ट्र धोरण चर्चिले जात नाही. तो निर्णय डिस्ट्रिक्टच्या नियोजन समितीत होतो. सदस्य हात वर करतात, ते कुणी वर केले हे समोर बसलेले गावकरी पाहतात, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत लक्षात ठेवतात.

आता इतिहास. डिस्ट्रिक्टच्या उत्तरेला आय नावाचे एक चिमुकले गाव आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत लहान बरोंपैकी, म्हणजे सनदी शहरांपैकी, ते एक होते. १८३२ पूर्वी या एवढ्याशा गावाचे दोन खासदार पार्लमेंटात बसत, आणि ते कोण असावेत हे गावचा जमीनदार ठरवी. त्याच सफोकच्या किनाऱ्यावर डनिच होते. समुद्राने गाव गिळले, मतदार जेमतेम तीसेक उरले, तरी दोन खासदार कायम. १८३२ च्या सुधारणा कायद्याने डनिचच्या दोन्ही जागा गेल्या, आयची एक राहिली. शेतमजूर मात्र त्यानंतरही अर्धे शतक मताविना राहिला. १८७४ मध्ये सफोकच्या शेतकऱ्यांनी संघटनेत गेलेल्या मजुरांना कामावरून बाहेर काढले आणि कित्येक महिने ती टाळेबंदी चालली. जोसेफ आर्चने दोनच वर्षांपूर्वी उभी केलेली शेतमजूर संघटना या तडाख्यात पार खचली. दहा वर्षांनी, १८८४ मध्ये, खेड्यातल्या मजुराला मत मिळाले, आणि त्याने पहिल्याच निवडणुकीत आयमधून लिबरल खासदार निवडून दिला.

हे मुद्दाम सांगतो, कारण ‘सफोकचे खेडे म्हणजे हुजूर पक्षाचे’ हे वाक्य निसर्गनियमासारखे ऐकवले जाते. १८८५ पासून १९५१ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, आय मतदारसंघ लिबरलांकडे होता. लिबरल खासदार एडगर ग्रॅनव्हिल १९५१ मध्ये हरले तेव्हा कुठे तो हुजूर पक्षाकडे गेला. म्हणजे बालेकिल्ला म्हणतात त्याचे वय एका माणसाच्या आयुष्याएवढे. त्याखाली बिगर-अँग्लिकन प्रार्थनामंदिरांत, मजूर संघटनांत वाढलेली एक जुनी, जमीनदाराला न जुमानणारी परंपरा आहे. ती मेली नव्हती. तिला उमेदवार मिळत नव्हता.

खेड्यांच्या स्वराज्याची पुढची पायरी १८९४ ची. त्या वर्षीच्या कायद्याने ग्रामीण डिस्ट्रिक्ट काउन्सिली आणि पॅरिश काउन्सिली निर्माण केल्या. स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनाही, त्यांत मत देता आले आणि निवडणुकीला उभेही राहता आले. पार्लमेंटचे दार स्त्रियांना उघडायला त्यानंतर २४ वर्षे लागली. लोकशाहीत नवा माणूस आत येतो तो बहुधा या खालच्या दारानेच.

१९६९ मध्ये लॉर्ड रेडक्लिफ-मॉड यांच्या आयोगाने सांगितले की ही छोटी मंडळे मोडा, जवळजवळ सगळ्या इंग्लंडभर मोठ्या एकस्तरीय संस्था करा. मजूर सरकारने ते स्वीकारलेही. तेव्हा ग्रामीण काउन्सिलांच्या संघटनेने एक मोहीम काढली. आर. ई. मोट नावाचा एक काल्पनिक साहेब त्यांनी रंगवला आणि घोषणा दिली: ‘आर. ई. मोट यांना मत देऊ नका.’ अक्षरे जोडून वाचली की ‘रिमोट’ होते, म्हणजे दूरचा. १९७० मध्ये सरकार बदलले, एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने एकस्तरीय आराखडा बाजूला ठेवला आणि १९७२ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. काउंट्या राहिल्या, त्यांच्याखाली महानगरांबाहेर २९६ डिस्ट्रिक्ट झाले. आय बरो, स्टोमार्केट शहर आणि गिपिंग, हार्टिस्मियर, थेडवास्टर ही तीन ग्रामीण मंडळे एकत्र करून १ एप्रिल १९७४ रोजी मिड सफोक अस्तित्वात आला. म्हणजे ज्याला आज आपण ‘छोटे’ म्हणतो ते मुळात पाच संस्था गिळून झालेले आहे. दर पिढीला कुणीतरी येतो आणि सांगतो की आहे ते फार लहान आहे.

नव्या काउन्सिलची पहिली निवडणूक १९७३ मध्ये झाली. नंतर १९७६ आणि १९७९, आणि तिथून पुढे दर चार वर्षांनी सगळ्या जागा एकाच दिवशी. जुन्या ग्रामीण मंडळांत पक्षाचा शिक्का नसलेल्या अपक्षांचा भरणा असे. मोठा शेतकरी, निवृत्त लष्करी अधिकारी, गावचा डॉक्टर, शाळेतला मास्तर. पुष्कळदा दुसरा कुणी उभाच राहत नसे आणि बिनविरोध निवड होई. या काळाबद्दल हळवे होऊन लिहिणारे इंग्लंडमध्ये खूप आहेत. मी त्यांतला नाही. बिनविरोध निवडीला गावाचा एकोपा म्हणायची सवय आपल्याकडेही आहे. जिथे स्पर्धाच नाही तिथे एकोपा आहे की दबदबा, हे कळायला मार्ग नसतो. १९७४ नंतर हळूहळू पक्ष आले, अपक्ष ओसरले आणि मैदान हुजूर पक्षाच्या हाती गेले. २०१५ मध्ये ४० पैकी २९ जागा त्या पक्षाच्या होत्या. ग्रीन ५, लिबरल डेमोक्रॅट ४, अपक्ष २.

पाच आणि चोवीस यांत अंतर फक्त आठ वर्षांचे आहे. पण त्या पाचांच्या मागे आणखी बरीच वर्षे आहेत, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. या शतकाच्या पहिल्या दशकात इथे ग्रीन पक्षाचे सदस्य एकेका वॉर्डातून निवडून येऊ लागले. देशाच्या राजकारणात त्या पक्षाला तेव्हा कुणी विचारत नव्हते. त्यांचा पहिला खासदार निवडून यायला २०१० उजाडले, तोही एकच. पण वॉर्डात देशाचे राजकारण लागतेच असे नाही. दिव्याचा खांब, तुंबलेला ओढा, बंद होऊ घातलेली बस, घरांच्या नव्या वसाहतीत राहून गेलेला पदपथ यांच्यामागे लागायचे, निवडणूक असो नसो पत्रक घेऊन दारोदार जायचे, पॅरिशच्या बैठकीला जाऊन बसायचे. हे काम दोन-तीन माणसे चार वर्षे करत राहिली की पुढच्या खेपेला वॉर्ड फिरतो. मग शेजारच्या वॉर्डातले कुणी विचारते, आमच्याकडे कधी येता?

हे शक्य झाले ते आकारामुळे. मिड सफोकमध्ये एका सदस्यामागे लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे. मतदार त्याहूनही कमी. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी फिरून एका माणसाला हे सगळे दरवाजे ठोठावता येतात. काउन्सिलच्या निवडणुकीला अनामत रक्कम भरावी लागत नाही, तर पार्लमेंटसाठी ५०० पौंड लागतात. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे एवढ्या वॉर्डात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा हजार पौंडांच्या आत होती, आपल्या हिशेबात लाखभर रुपये. आपल्याकडे पंचायत समितीच्या गणात उमेदवाराचा खरा खर्च किती होतो हे वाचकांना मी सांगायला नको. पैसा, पक्षाची यंत्रणा, ओळखीचा चेहरा यांतले काहीही नसताना केवळ पायपिटीच्या बळावर जिंकता यावी अशी निवडणूक जगात फार ठिकाणी उरलेली नाही. इंग्लंडच्या खेड्यांत ती होती.

२०१९ मध्ये सदस्यसंख्या ४० वरून ३४ झाली होती. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाला १६, ग्रीनना १२, लिबरल डेमोक्रॅटांना ५ आणि अपक्षाला १ जागा मिळाली. हुजूर आणि अपक्ष मिळून १७, उरलेले मिळून १७. अगदी काठावर बसून हुजूर पक्षाने पुढची चार वर्षे कारभार हाकला. म्हणून २०२३ ला अचानक उसळलेली लाट म्हणणे हे न पाहता बोलणे आहे. पाणी २०१९ मध्येच उंबऱ्याला लागले होते.

देशातल्या हवेचा हात नव्हता असे नाही. २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन गेले, लिझ ट्रस आल्या, त्यांच्या अर्थसंकल्पाने गृहकर्जाचे व्याज भडकले, त्याही गेल्या. मे २०२३ मध्ये हुजूर पक्षाने इंग्लंडभर हजाराहून अधिक काउन्सिल-जागा गमावल्या. नद्यांत सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्याचा संताप तर पक्षापलीकडचा होता. पण असंतोष सगळीकडे होता आणि त्याचे बहुमत झाले ते इथे. शेजारच्या बेबर्ग डिस्ट्रिक्टमध्ये ग्रीन सर्वांत मोठा पक्ष ठरले, पण ३२ पैकी १० जागांवर थांबले. रागाला घर लागते. मिड सफोकमध्ये ते घर वीस वर्षे बांधले जात होते.

या निकालातला एक दोष मी झाकणार नाही. ३४ पैकी २४ म्हणजे ७१ टक्के जागा. ग्रीन पक्षाला ७१ टक्के मते पडलेली नाहीत. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, बाकीची मते वाया, या पद्धतीचा फायदा जसा वर्षानुवर्षे हुजूर पक्षाला मिळाला तसाच या वेळी ग्रीनना मिळाला. स्कॉटलंडने २००७ पासून काउन्सिलांसाठी पसंतिक्रमाची प्रमाणशीर पद्धत स्वीकारली. इंग्लंडने नाही. ग्रीन पक्ष स्वतः प्रमाणशीर पद्धतीची मागणी करतो, आणि मिड सफोकच्या विजयानंतर ती मागणी त्याने आणखी जोरात करायला हवी असे मला वाटते. दुसरा दोष मतदानाचा. इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या निवडणुकीला तीनातला एक मतदार येतो, दोन घरीच राहतात. ज्यांना ही मंडळे मोडायची आहेत ते हाच आकडा पुढे करतात. पण मतदार येत नाही म्हणून मतपेटी आणखी लांब नेऊन ठेवायची, हा उपाय मला उमगत नाही.

सत्ता आल्यावर या पक्षाची खरी कसोटी विजेच्या मनोऱ्यांनी पाहिली. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत सुमारे १८० किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी नॅशनल ग्रिड या वीजवाहक कंपनीने आखली आहे. ती मिड सफोकच्या शेतांवरून जाते. उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज तिच्यातून वाहायची आहे, म्हणजे ग्रीन पक्षाला देशभर जे हवे आहे तेच. आणि गावकऱ्यांना दारात पन्नास मीटरचे मनोरे नको आहेत. जुलै २०२४ मध्ये वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीन पक्षाचे एड्रियन रामसे खासदार झाले. आय गाव याच मतदारसंघात आहे, म्हणजे ग्रॅनव्हिल हरल्याला ७३ वर्षे झाल्यावर आयने पुन्हा हुजूर पक्षाला नाकारले. निवडून येताच रामसे यांनी मनोऱ्यांचे काम थोडे थांबवून इतर पर्याय तपासावेत अशी मागणी केली आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. वारा हवा, तार नको, हे कसे चालेल?

टीकेत तथ्य आहे. हवामानाचे संकट जमिनीवर उतरते तेव्हा कुणाच्या तरी शेतात उतरते. पण ती टीका करणाऱ्यांनी एक विसरू नये. या वाहिनीचा निर्णय डिस्ट्रिक्टच्या हातात नाहीच. २००८ च्या कायद्याने असे मोठे प्रकल्प थेट मंत्र्याच्या अखत्यारीत जातात. डिस्ट्रिक्टला म्हणणे मांडता येते, इतकेच. मग ते म्हणणे तरी नीट मांडायला, कुठल्या गावात मनोरा शाळेजवळून जातो आणि कुठे तार जमिनीखालून नेता येईल हे कागदावर आणायला कुणीतरी हवे. देशाचे हित आणि गावाचे हित यांत ओढाताण होते तेव्हा गावाच्या बाजूने बोलणारा निवडून आलेला माणूस असणे ही अडचण नाही. त्यासाठीच तर तो निवडला जातो.

आता बरखास्तीकडे येतो. श्वेतपत्रिकेत नव्या काउन्सिलीसाठी ५ लाख किंवा अधिक लोकसंख्येचे माप घातले आहे. मिड सफोकच्या पाचपट. सफोक काउंटीची एकूण लोकसंख्या साडेसात लाखांच्या थोडी वर, म्हणून २०२५ भर वाद गाजला तो एवढाच: काउंटी म्हणत होती सगळ्या सफोकची एक काउन्सिल करा, डिस्ट्रिक्ट म्हणत होते निदान तीन करा. डिस्ट्रिक्ट ठेवा, हा पर्याय टेबलावर कधी आलाच नाही. स्वतः डिस्ट्रिक्टांनीही तो ठेवला नाही, कारण सरकारने दारच बंद केले होते. या फेररचनेला वेळ मिळावा म्हणून १ मे २०२५ ची सफोक काउंटीची निवडणूक वर्षभर पुढे ढकलली गेली. सरकारच्या वेळापत्रकाप्रमाणे मे २०२७ मध्ये मतदान नव्या संस्थांसाठी होईल आणि एप्रिल २०२८ मध्ये जुन्या संपतील. म्हणजे २०२३ ची ती निवडणूक मिड सफोकची शेवटची.

निवडणूक पुढे ढकलणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांच्या आणि बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक बसले. आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की निवडणुका घ्या. मधल्या काळात नळाला पाणी आले नाही तर जायचे कुणाकडे? फोन उचलेल असा नगरसेवक नाही, दारात येईल असा जिल्हा परिषद सदस्य नाही. कारभार ठप्प झाला नाही, कागद हलत राहिले. पण कागद हलवणाऱ्याला आपल्यापुढे पुन्हा मत मागायला यायचे नव्हते. इंग्लंडचे एक वर्ष आपल्या तीन-चार वर्षांपुढे काहीच नाही, हे खरे. तरी ‘फेररचना चालू आहे, निवडणूक नंतर’ हे वाक्य ऐकले की आपल्या कानांना ते ओळखीचे वाटते.

मोडण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा आहे. दोन-दोन काउन्सिली, दोन-दोन कार्यालये, दोन-दोन मुख्याधिकारी कशाला? २०१० नंतरच्या दशकात केंद्राचे अनुदान आटले, वृद्धांच्या काळजीचा खर्च फुगला, तेव्हा बचत करावीच लागेल. हे मान्य. पण मोठेपणाने पैसा वाचतो याचा पुरावा मला दिसत नाही, उलटा दिसतो. नॉर्दॅम्प्टनशर काउंटी काउन्सिल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. बुडाली काउंटी, पण २०२१ मध्ये तिच्याबरोबर सात डिस्ट्रिक्ट-बरोही मोडले गेले आणि दोन मोठ्या काउन्सिली झाल्या. अकरा लाखांहून जास्त वस्तीचे बर्मिंगहॅम एकस्तरीयच आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेही हात वर करून मोकळे झाले. लहान वोकिंगही त्याच वर्षी बुडाले, कारण त्याने कर्ज काढून गगनचुंबी इमारती बांधल्या. लहान बुडते, मोठेही बुडते. बुडवतो तो हिशेब, आकार नव्हे.

शिवाय मिड सफोकने काटकसर करून दाखवलेली आहे. मिड सफोक आणि बेबर्ग या दोन काउन्सिलींचा नोकरवर्ग गेली कित्येक वर्षे एकच आहे, मुख्याधिकारी एकच आहे. सदस्य मात्र वेगळे, अर्थसंकल्प वेगळे. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते: कारकून वाटून घ्या, प्रतिनिधी वाटू नका. तिचीही एक किंमत पडली. २०१७ मध्ये नीडहॅम मार्केटचे मुख्यालय सोडून काउन्सिल इप्सविचमधल्या काउंटीच्या एंडेव्हर हाउस या इमारतीत गेली. तेव्हापासून मिड सफोकची काउन्सिल मिड सफोकच्या हद्दीत बसत नाही. गावातून ज्याला नियोजन समितीपुढे बोलायचे त्याने इप्सविच गाठायचे. दूरच्या साहेबाकडे जाणाऱ्या रस्त्याचा तो पहिला टप्पा होता, असे आज मागे पाहताना वाटते.

आणि २०११ ची एक गोष्ट. त्या वर्षी या दोन काउन्सिलींचे पूर्ण विलीनीकरण करावे असा प्रस्ताव निघाला. दोन्हीकडच्या मतदारांना विचारले गेले. मिड सफोकने हो म्हटले, बेबर्गने नाही म्हटले. विलीनीकरण बारगळले. एका डिस्ट्रिक्टच्या मतदारांनी नकार दिला म्हणून सगळी योजना थांबली, आणि आकाश कोसळले नाही. नोकरवर्ग एक करून बचत साधली, काउन्सिली दोन राहिल्या. चौदा वर्षांनी त्याच मतदारांची काउन्सिल मोडताना मतपत्रिका का छापली जात नाही?

सरकारचे उत्तर असे की खाली पॅरिश आहेतच, शिवाय परिसर समित्या नेमू. मिड सफोकमध्ये शंभराहून अधिक पॅरिश आहेत आणि त्यांतली माणसे मनापासून काम करतात. पण पॅरिशला बांधकाम परवानगी देता येत नाही, घरे बांधता येत नाहीत. अधिकार नाही म्हणून उमेदवार नाहीत, उमेदवार नाहीत म्हणून निवडणूक नाही, रिकाम्या जागा बैठकीत नावे सुचवून भरायच्या. १९७४ पूर्वीचे बिनविरोध युग तिथे अजून चालू आहे. आणि नेमलेल्या समितीला निवडलेल्या सभागृहाची जागा देणे म्हणजे १८९४ च्या मागे जाणे. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, प्रत्येकीला निवडलेले मंडळ आणि महापौर आहे, आणि फ्रेंच राज्य त्याने कोलमडलेले नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान होते ते अजून ज्याचे नाव कुणाला माहीत नाही त्या उमेदवाराचे. मोठ्या काउन्सिलीत वॉर्ड मोठा होतो, पाच-सात गावांऐवजी पंधरा-वीस गावे येतात, बैठका तासाभराच्या अंतरावर जातात. निवृत्तांना आणि पगारी राजकारण्यांना ते जमते. लहान मुले असलेल्या बाईला, पाळीत काम करणाऱ्याला, स्वतःचे दुकान चालवणाऱ्याला जमत नाही. यात आपलीही माणसे आहेत. इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, तिथल्या निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. २०२३ पासून ओळखपत्र दाखवणे सक्तीचे झाले, तेव्हाही भारतीय पासपोर्ट चालतो. मार्टलशॅमला कामाला जाणाऱ्या, स्टोमार्केटच्या नव्या वसाहतीत भाड्याने राहणाऱ्या मराठी जोडप्याला आपली कचरापेटी, आपल्या गल्लीतला पदपथ यांबद्दल मत द्यायचा पूर्ण हक्क आहे. हा हक्क पुष्कळांना ठाऊकच नसतो. तो ठाऊक होतो कधी, तर कुणी उमेदवार दार वाजवतो आणि विचारतो, तुमचे नाव यादीत आहे ना? तीन हजारांच्या वॉर्डात ते दार वाजते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सफोकच्या पाचही डिस्ट्रिक्टांत, प्रत्येकात वेगळी, मतपत्रिका निघावी. तिच्यावर एक काउन्सिल, तीन काउन्सिली आणि आहे तसेच ठेवा असे तिन्ही पर्याय असावेत. मिड सफोकच्या मतदारांनी २०११ मध्ये मोठे व्हायला हो म्हटले होते. आताही ते हो म्हणतील कदाचित. म्हणू देत. त्यांनी स्टोमार्केटच्या, आयच्या, डेबनहॅमच्या मतदानकेंद्रांत जाऊन, सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत, दोरीला बांधलेल्या त्या पेन्सिलीने फुली मारून ते म्हणावे.